निळ्या पाण्यात उतरण्याआधी

समुद्र म्हटला की आपल्याकडच्या माणसाला दोन गोष्टी आधी आठवतात: लाटा आणि भरती-ओहोटी. भूमध्य समुद्राच्या काठी मात्र या दोन्हींचा विसर पडतो. तिथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच म्हणा ना! मुंबईला मोठ्या भरतीच्या दिवशी पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं. दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर हाच फरक वीत-दीड वितीचा. सकाळी पाणी जिथे, संध्याकाळीही तिथेच. शिवाय ते इतकं स्वच्छ की तळाचे गोटे मोजून घ्यावेत. बघणाऱ्याला वाटतं, हा समुद्र नव्हेच, मोठा तलाव आहे. आणि नेमकं हे वाटणंच धोक्याचं असतं.

माझी मोठी नणंद आणि तिचे यजमान नोकरीनिमित्त बरीच वर्षं नीसजवळ राहतात. गेल्या जूनच्या शेवटी आम्ही दिल्लीहून दहा दिवसांसाठी त्यांच्याकडे गेलो होतो. आम्ही दोघं, पंधरा वर्षांचा थोरला, नऊ वर्षांची धाकटी आणि सासूबाई. सासूबाईंचं माहेर गुहागरचं, त्यामुळे समुद्र त्यांना नवा नाही. थोरल्याने मात्र पोहणं शिकलंय ते दिल्लीच्या तलावात. शाळेच्या स्पर्धेत त्याला पदक मिळालेलं, त्यामुळे निघण्याआधीपासून घरात एकच घोष चालला होता, ‘मी तिथे दूरवर पोहून येणार!’

माझ्या मनात मात्र निघाल्यापासून एकच गोष्ट होती. मुलांनी पाण्यात मनसोक्त खेळावं आणि जितकी माणसं नेली तितकी परत आणावी. या दहा दिवसांत मला जे समजलं, ते अशा प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून लिहिते आहे.

गोट्यांचा किनारा

नीसचा किनारा फार देखणा. एका बाजूला ताडामाडांच्या रांगा आणि जुनी पांढरी हॉटेलं, दुसऱ्या बाजूला अर्धचंद्राकार निळा उपसागर. मधून साधारण सात किलोमीटरचा रुंद रस्ता जातो. एकोणिसाव्या शतकात हिवाळा घालवायला येणाऱ्या इंग्रजांनी तो सुरू केला, म्हणून त्याचं नाव आजही ‘प्रोमनाद देझांग्ले’, म्हणजे इंग्रजांचा फिरायचा रस्ता. त्यावर निळ्या खुर्च्या मांडलेल्या असतात. तिथे बसून नुसतं पाणी बघत राहिलं तरी वेळ कसा जातो कळत नाही.

पण खाली उतरलं की पहिला धक्का बसतो. वाळू नाहीच! हाताच्या मुठीएवढे, गुळगुळीत, करडे गोटे. अनवाणी चालणं म्हणजे शिक्षाच. नणंदेने आम्हाला आधीच रबरी तळव्याचे, पाण्यात घालायचे बूट घ्यायला सांगितलं होतं. तिथल्या दुकानांत ते सहज मिळतात. हे बूट केवळ तळपायांच्या सुखासाठी नाहीत. खडकाळ जागी काळे काटेरी समुद्री जीव असतात, त्यांचा काटा पायात मोडला तर सहल तिथेच संपते.

दुसरा धक्का पाण्यात. वाळूच्या सपाट किनाऱ्यावर माणूस बरंच अंतर चालत जातो तेव्हा पाणी कमरेला लागतं. नीसला चार-सहा पावलांत पायाखालची जमीन संपते. आल्प्स पर्वत जसा समुद्राजवळ येऊन एकदम उतरतो, तसाच तो उतार पाण्याखालीही चालू राहतो. काही किलोमीटर आत गेलं की खोली हजार मीटरवर जाते. काठावरचे गोटेही या उताराने सारखे घसरत असतात.

त्यात स्वच्छ पाणी डोळ्यांना फसवतं. प्रकाश पाण्यातून बाहेर येताना वाकतो, त्यामुळे खोली प्रत्यक्षापेक्षा सुमारे पाव हिस्सा कमी दिसते. चार मीटर खोल पाणी वरून तीन मीटरच वाटतं. धाकटीने काठावरून बघून विचारलं, “आई, मी इथे उभी राहू ना?” तळ तर स्पष्ट दिसत होता. पण तिचे बाबा उतरले तेव्हा पाणी त्यांच्या गळ्याशी आलं!

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी दहा मिनिटं किनारा न्याहाळला आणि म्हणाल्या, “आत जाणं सोपं आहे गं इथे. बाहेर कसं यायचं ते आधी बघा.” मला ते वाक्य फार पटलं. पुढचे सगळे दिवस आम्ही तोच नियम पाळला.

झेंड्यांची भाषा

समुद्रात उतरण्याआधी झेंडा बघायचा, ही तिथली पहिली शिस्त. फ्रान्सने २०२२ साली आपले झेंडे बदलले. हिरवा झेंडा म्हणजे जीवरक्षक हजर आहेत आणि विशेष धोका नाही. पिवळा म्हणजे पोहता येईल, पण जपून. लाल म्हणजे पोहायला बंदी. जांभळा म्हणजे पाणी दूषित आहे किंवा त्रासदायक जीव आले आहेत. वर लाल आणि खाली पिवळा असे दोन पट्टे असलेले झेंडे रोवलेले असतात. या दोन झेंड्यांच्या मधल्या जागेवर जीवरक्षकांची नजर असते, म्हणून पोहायचं ते तिथेच. काळ्या-पांढऱ्या चार चौकोनांचा झेंडा असेल तर ती जागा पाण्यावरच्या खेळांची, पोहणाऱ्यांची नव्हे. आणि केशरी रंगाची वाऱ्याची पिशवी लावलेली दिसली तर हवेच्या गाद्या, रबरी ट्यूब पाण्यात न्यायच्या नाहीत.

सासूबाईंना हे सगळं समजवावं लागलं नाही. त्या म्हणाल्या, “म्हणजे बावटाच की! आमच्याकडे बंदरावर बावटा लागला की होड्या बाहेर काढत नसत.”

झेंडाच नसेल तर? तर काही धोका नाही असा अर्थ कोणी काढू नये. त्याचा अर्थ, इथे या वेळी कोणी लक्ष ठेवत नाही. हे फार महत्त्वाचं आहे, कारण जूनअखेर नीसला सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो. जीवरक्षक मात्र त्याच्या बऱ्याच आधी झेंडा उतरवून निघून जातात. आपल्याला लख्ख ऊन दिसत असतं, मुलं ‘अजून थोडा वेळ’ म्हणत असतात आणि पाण्यावर लक्ष ठेवणारं कोणी नसतं. आम्ही मुलांना सांगून टाकलं होतं, घड्याळ बघायचं नाही, झेंडा बघायचा. झेंडा उतरला की बाहेर.

केशरी पिशवीचं कारण नणंदेच्या यजमानांनी समजावलं. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर काठाजवळचं पाणी अगदी शांत, सपाट दिसतं. लाट नाही म्हणून आईबाप निर्धास्त होतात. पण हाच वारा हवेच्या गादीवर पहुडलेल्या मुलाला बघता बघता आत घेऊन जातो. मूल घाबरून गादी सोडतं आणि पोहत परत यायला बघतं, तिथे घात होतो. म्हणून खेळणी तरंगती असली तरी ती जीव वाचवण्याचं साधन नव्हे. त्यासाठी अंगावर नीट बसणारं लाइफ जॅकेटच हवं.

तलावातलं पोहणं आणि समुद्रातलं

काठापासून ३०० मीटरवर पिवळे बोये तरंगत असतात. त्यांच्या आत मोटरबोटींना पाच नॉटपेक्षा, म्हणजे ताशी सुमारे नऊ किलोमीटरपेक्षा, जास्त वेग ठेवता येत नाही. पलीकडे त्या सुसाट धावतात. थोरल्याने पहिल्याच दिवशी ते बोये हेरले. “तीनशे मीटर म्हणजे काय? तलावात मी हजार मीटर पोहतो!”

त्याच्या आत्याने त्याला समोर बसवलं. “हजार मीटर पोहतोस, पण दर पंचवीस मीटरला तुला भिंत लागते. दमलास तर धरायला कठडा असतो. पाणी उबदार, तळ दिसतो, सर काठावर उभे. इथे तीनशे जायचे आणि तीनशे यायचे. मध्ये धरायला काही नाही. येताना वारा समोरून आला तर तेच तीनशे सहाशेचे होतात. आणि सगळ्यात जास्त ताकद लागते ती शेवटच्या पाच मीटरना, लाटेतून बाहेर पडायला. तेव्हा तू दमलेला असणार.”

तो गप्प बसला, पण त्याला पटलेलं नव्हतं. पंधरा वर्षांच्या मुलाला शब्दांनी पटतं कधी?

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो तर लाल झेंडा. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, ऊन छान. दूरवर कुठे तरी वादळ झालं होतं आणि त्याच्या लाटा इथे येऊन पोचत होत्या. वाळूच्या किनाऱ्यावर लाट लांबून फुटत येते, तिचा जोर ओसरत जातो. इथे उतार एवढा तीव्र की लाट थेट काठावर येऊन आपटत होती आणि परतताना हजारो गोटे खडखडत ओढून नेत होती. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

आमचे हे जरा हिरमुसले. इतका खर्च करून आलो, मोजके दिवस हाताशी, आणि आजचा वाया! थोरला तर रागावून वरच्या रस्त्यावर निळ्या खुर्चीत जाऊन बसला. तेवढ्यात एक तरुण प्रवासी झेंड्याकडे दुर्लक्ष करून पाण्यात शिरला. पोहणारा चांगला होता. पहिली लाट फुटायच्या आत तो तिच्या खालून निघून गेला. आत जाऊन त्याने मित्रांना हातही केला.

बाहेर यायला निघाला तेव्हा मात्र चित्र पालटलं. पाय टेकायचा प्रयत्न केला की गोटे सरकत. उभा राहतो न राहतो तोच मागून लाट येऊन त्याला पाडत होती आणि परतीचं पाणी पुन्हा आत ओढत होतं. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्या वेळी तो उठलाच नाही, नुसतं डोकं दिसत होतं. ना हाक, ना हात हलवणं. मित्र काठावर हसत होते, त्यांना वाटत होतं तो खेळतोय.

जीवरक्षकांना ते आधीच कळलं होतं. दोघं पायात पंखे अडकवून, तरंगती नळी घेऊन पाण्यात गेले. आणि गंमत अशी की त्यांनी त्याला काठाकडे आणलं नाही, उलट आत नेलं! लाटा फुटतात त्याच्या पलीकडे, जिथे पाणी नुसतं वरखाली होत होतं तिथे, नळीला धरवून त्याला ठेवलं. त्याचा श्वास सावरला. मोठ्या लाटांची एक तुकडी जाऊ दिली आणि मधल्या उसंतीत तिघं एकदम बाहेर आले, तेही उभ्याने नाही, हातापायांवर रांगत. तो मुलगा काठावर बसून थरथरत होता. कोपर आणि गुडघे सोलवटलेले, पण जीव वाचला होता.

थोरल्याने हे सगळं वरून पाहिलं. तो आमच्याजवळ येऊन उभा राहिला. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “आत्या, तो ओरडला का नाही?”

ओरडता येत नाही म्हणून. बुडणारं माणूस सिनेमातल्यासारखं ‘वाचवा वाचवा’ म्हणत नाही. तोंड पाण्यावर येतं तेवढ्यात श्वास घ्यायचा की हाक मारायची? हात पाण्यावर दाबले जातात, वर उचलता येत नाहीत. माणूस उभाच्या उभा पाण्यात राहतो, डोकं मागे जातं, आणि मिनिटभरात सगळं संपू शकतं. म्हणूनच मुलं पाण्यात असताना आईबापांनी आवाजाची वाट बघायची नसते. डोळे पाण्यावर ठेवायचे असतात. आम्ही त्या दिवसापासून पाळी लावली. ज्याची पाळी त्याने फोन हातात घ्यायचा नाही, गप्पा नाहीत, फोटो नाहीत.

दोन दिवसांनी हिरवा झेंडा लागला. पाणी आरशासारखं. थोरला त्या दिवशी मनसोक्त पोहला. बोयांकडे नाही, तर त्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या दरम्यान, काठाला समांतर, येरझाऱ्या घालत. सोबत नणंदेचे यजमान होते. दमलं की चार हात मारले की काठ. त्याच्या हिशेबाने बाराशे मीटर झाले!

खेळ कोणता, कोणासाठी

तिथे पाण्यावरचे खेळही पुष्कळ. पॅराशूटने उडायचं सगळ्यांनाच आकर्षण. नीसला बोटीच्या मागच्या फळीवरूनच माणसाला वर सोडतात आणि तिथेच अलगद उतरवतात. बापलेक दोघं एकत्र उडाले. जाण्याआधी आम्ही चार गोष्टी विचारल्या: वजनाची आणि वयाची मर्यादा काय, लाइफ जॅकेट सगळ्यांना आहे का, वारा किती झाला की तुम्ही बंद करता, आणि बोटीत चालवणाऱ्याशिवाय लक्ष ठेवणारा दुसरा माणूस आहे का. चांगला माणूस या प्रश्नांनी चिडत नाही. जो चिडेल त्याच्याकडे जाऊच नये. गर्भवती, हृदयविकार किंवा पाठीचं दुखणं असलेल्यांनी हा मोह टाळावा.

पाण्यावरची मोटरसायकल, म्हणजे जेट स्की, फ्रान्समध्ये परवान्याशिवाय एकट्याने चालवता येत नाही. परवाना नसेल तर प्रशिक्षकाबरोबरच जावं लागतं. ती काठावरून सोडायच्या वाटा बोयांनी आखलेल्या असतात. पोहणाऱ्यांनी त्या वाटांत चुकूनही शिरू नये. वल्ह्याने चालवायची फळी किंवा कयाक घेतली तर दिवसा आणि काठाच्या जवळपासच राहावं, आणि जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जावं, म्हणजे दमलेल्या अंगाने परतताना वारा मदतीला येतो.

धाकटीसाठी आम्ही वेगळी जागा निवडली. नीसहून रेल्वेने दहा मिनिटांच्या आत व्हीलफ्रांश नावाचं गाव लागतं. त्याचा उपसागर डोंगरांनी वेढलेला, त्यामुळे लाटा कमी, आणि किनाऱ्यावर गोट्यांऐवजी जाडसर वाळू. तिथे तिच्या पोटरीला एका जांभळट जेलीफिशचा स्पर्श झाला आणि ती कळवळली. जीवरक्षकाने तिला समुद्राच्याच पाण्याने धुतलं, चोळू दिलं नाही, एका प्लॅस्टिकच्या कार्डाच्या कडेने चिकटलेलं अलगद खरवडून काढलं. गोडं पाणी लावायचं नाही, त्याने आग वाढते. श्वासाला त्रास झाला किंवा अंगावर गांधी उठल्या तर मात्र लगेच डॉक्टर गाठायचे. अर्ध्या तासात ती पुन्हा पाण्यात जायला तयार!

सासूबाईंचं स्नान

राहिल्या सासूबाई. अडुसष्ट वर्षांचं वय, तीन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलेला. समुद्र समोर आणि डुबकी नाही, हे त्यांना सहन होईना.

एके दिवशी आम्ही रॉकब्रून-काप-मार्तां या गावी गेलो. चंदीगडचा आराखडा करणारे वास्तुशिल्पी ल कॉर्ब्युझिए यांची लाकडी झोपडी तिथे समुद्रावर आहे. १९५२ च्या सुमारास त्यांनी ती स्वतःसाठी बांधली. चंदीगडच्या त्यांच्या वास्तूंबरोबर ही इवलीशी झोपडीही २०१६ साली जागतिक वारसा यादीत गेली. तिथूनच २७ ऑगस्ट १९६५ रोजी, सत्याहत्तराव्या वर्षी, डॉक्टर नको म्हणत असताना ते नेहमीप्रमाणे पोहायला उतरले आणि परत आले नाहीत. पोहताना हृदयविकाराचा झटका आला असावा, असं मानतात.

सासूबाईंनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग माझ्या डॉक्टरांनाच विचारा.” नणंदेने दिल्लीला फोन लावला. डॉक्टरांनी अटी घातल्या: एकदम उडी नाही, पाणी गुडघ्याच्या वर नाही, सोबत माणूस, जेवणानंतर लगेच नाही, आणि पाच-दहा मिनिटांत बाहेर. कारण जूनअखेर तिथलं पाणी जेमतेम २२-२३ अंशांचं असतं. उन्हाने तापलेलं अंग त्यात एकदम घातलं तर धडधाकट माणसाचाही श्वास क्षणभर अडकतो, हृदयावर ताण येतो. म्हणून आधी मनगटं, मान, छाती ओली करून मग हळूहळू उतरायचं.

साडीचा प्रश्न होताच. ओलं लुगडं पायांत गुंडाळतं, जड होतं, आणि लाटेत पडलेल्या बाईला उठू देत नाही. म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सुनेची तंग विजार आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घातला. व्हीलफ्रांशच्या शांत पाण्यात, एका हाताला लेक, एका हाताला मी, अशा त्या गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. ओंजळीने पाणी डोक्यावर घेतलं आणि तोंडाने काही तरी पुटपुटल्या. जिभेला चव लागल्यावर म्हणाल्या, “आपल्यापेक्षा खारट आहे गं!” खरंच आहे ते. ऊन जास्त, मिळणाऱ्या नद्या कमी, म्हणून भूमध्य समुद्रात लिटरमागे सुमारे ३८ ग्रॅम मीठ असतं. महासागरांत ते सरासरी ३५ ग्रॅम.

एवढं लक्षात ठेवा

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली. दरवर्षी २५ जुलै हा दिवस बुडण्याच्या घटना टाळण्यासाठी पाळला जातो. आपण एवढं तरी नक्की करू शकतो:

पाण्यात उतरण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा. कुठून बाहेर यायचं, ते ठरल्यावरच आत जा. बाहेर येताना लाटेकडे पाठ करू नका. लाटांच्या दोन तुकड्यांमधली उसंत साधा आणि गरज पडली तर खुशाल रांगत या. लाज कसली त्यात?

एकट्याने पोहू नका, दारू पिऊन तर नाहीच. खडकावरून अनोळखी पाण्यात सूर मारू नका. कोणी बुडत असेल तर भावनेच्या भरात मागोमाग उडी घेऊ नका. तरंगेल असं काही फेका, जीवरक्षकाला बोलवा. तिथे ११२ हा संकटातला क्रमांक, आणि फ्रान्सच्या समुद्रावरच्या मदतीसाठी १९६.

गोव्यातही किनाऱ्यावर लाल-पिवळे झेंडे लावलेले असतात. पुढच्या वेळी गाडीतून उतरल्याबरोबर मुलांना आधी ते शोधायला सांगा. आमची धाकटी आता कुठल्याही पाण्याजवळ गेली की पहिला प्रश्न विचारते, “आई, इथला बावटा कुठे आहे?”